चित्र थांबलं की पळायचं

मी एक टीव्ही गेम. लाल-पांढऱ्या प्लॅस्टिकचा, दोन रिमोटांचा, पाठीत कॅसेट खुपसली तरच जिवंत होणारा. माझ्यात नव्याण्णव खेळ आहेत असं खोक्यावर छापलं होतं. खरे बाराच, बाकी तेच नावं बदलून. माझ्या पहिल्या घरानं त्यातल्या एकालाच जीव लावला.

एसटीच्या आगारात मेकॅनिक असलेल्या ईश्वरप्पांनी मला लातूरच्या गंजगोलाईतून औशाला आणलं, तेव्हा भूकंपाला तीन वर्षं झाली होती. त्यांचा बसवराज दहा वर्षांचा, सिंधु आठ वर्षांची. खेळ रणगाड्यांचा. खाली विटांच्या कुंपणात एक पाखरू बसलेलं. विटा फुटून त्याला गोळी लागली की खेळ खलास. बसवराज पुढं घुसायचा, सिंधु पाखराला सोडून हलायची नाही. अंगठ्यांना फोड येईस्तोवर खेळायची दोघं.

मग ती मोठी झाली. सिंधुचं निलंग्याकडच्या एका खेड्यात लग्न झालं आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझी एक वायर कुरतडली.

यंदाच्या श्रावणात बसवराजनं मला खाली काढलं, तेव्हा त्याचे केस पिकले होते. अंगणात सासरहून आलेली सिंधु उभी होती, नऊ वर्षांच्या लेकीला, सृष्टीला पोटाशी धरून.

"बारा दिस झाले दादा, लेकरू छताखाली येईना," सिंधु सांगत होती. "आमच्या गावात जमिनीच्या पोटातून गडगड आवाज यायला लागलाय. त्या दिशी सकाळी भांडी वाजली, भिंतीला चीर गेली. तवापसून ही गोठ्याच्या पत्र्याखाली जेवती, तिथंच निजती. शाळंत न्हाई, घरात न्हाई."

"हितं काय व्हत न्हाई, ये," बसवराज म्हणाला. सृष्टी जागची हलली नाही.

त्यानं जुना डबा टीव्ही दाराजवळ सरकवला, माझी कुरतडलेली वायर सांधली आणि मला जोडलं. पाखरू दिसलं. सृष्टी अंगणातून मान उंचावून बघू लागली.

"मामा, रिमोट बाहीर दे की."

"वायर इतकीच हाय बाई."

खूप वेळानं तिनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. खेळताना पुन्हापुन्हा वर छताकडं बघत होती. तेवढ्यात बसवराजचा गुडघा मला लागला आणि चित्र जागच्या जागी थिजलं.

"काय झालं?" ती दचकली.

"ह्याला जरा धक्का लागला की थांबतंय ते."

सृष्टीनं विचार केला. "म्हंजी जमीन हालली तर ह्याला आधी कळंल?"

"हाव, कळंल की," मामा सहज बोलून गेला.

त्या शब्दानं मी हादरलो. त्या दिवसापासून ती आत बसू लागली, जेवू लागली, पण माझ्यावर नजर ठेवून. मी चालू असलो तरच छताखाली. आणि मी तर तीस वर्षांचा म्हातारा! माझे सांधे गंजलेले. मी उगाच थांबलो तर? आणि खरंच जमीन हलली नि मी थांबलोच नाही तर? एकेक खेळ मी जीव मुठीत धरून पार पाडत होतो.

आठव्या दुपारी ते झालंच. एक गोळी अधांतरी लटकली आणि चित्र थिजलं. जमीन शांत होती, माझीच कॅसेट सैल झाली होती. पण सांगू कसं?

सृष्टीच्या हातून रिमोट पडला. "आई!"

सिंधु आत भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी धावत आली, सृष्टीला ओलांडून दाराबाहेर गेली, थेट रस्त्यावर. तिथं वळून बघितलं तर लेक आतच. ती मटकन खाली बसली.

सृष्टी उंबऱ्यात उभी होती. तिनं वर पाहिलं. पंखा स्थिर होता. खुंटीवरची पिशवीही हलत नव्हती.

"आई, कायबी हालंना. खेळच अडकलाय."

"म्या तुला सोडून पळाले गं," सिंधु हुंदके देत म्हणाली. "माझ्या पोटच्या लेकराला."

तेव्हा मला समजलं, सिंधु आठ वर्षांची असताना दाराकडं पाठ करून कधीच का बसत नव्हती. भूकंप झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या पहाटेबद्दल ती घरात कुणाशीच बोलली नव्हती. त्या दुपारी रस्त्याच्या कडेला बसून ती लेकीशी बोलली, बराच वेळ. बसवराज ऐकत उभा राहिला. तव्यावरची भाकरी जळून गेली.

"मलाबी लई भ्या वाटतंय आई," सृष्टी म्हणाली आणि तिनं आईचं पिठानं माखलेलं मनगट धरलं. "आता दोघी संगं पळू."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बसवराज सराव म्हणून अचानक ताट वाजवायचा. दोघी आधी एकमेकींचा हात धरायच्या, मग बाहेर. पंधरवड्यानं त्या गावाकडं निघाल्या. सृष्टीनं मला पिशवीत घातलं.

आता मी सिंधुच्या घरी त्या चीर गेलेल्या भिंतीपाशी फळीवर आहे. सृष्टी शाळेत जाते, घरात झोपते. खालचा गडगडाट मात्र अजून येतो. परवा आला, तेव्हा फळी थरथरली, ताटल्या वाजल्या आणि पडद्यावरचे रणगाडे तसेच चालत राहिले. मी थांबलो नाही! नशीब, दोघी केव्हाच अंगणात पोचल्या होत्या, हातात हात घालून.

म्हणून कळकळीनं सांगतो, बाबांनो. माझ्याशी खेळा, पण माझ्या भरवशावर बसू नका. मला काही कळत नाही. मलाही तुमच्याइतकीच भीती वाटते, आणि मला तर पायही नाहीत.