दुखवट्याचा शर्ट

"मुलांचा सेक्शन वरती आहे, काका," सेल्समन म्हणाला.

जगन आरशासमोर उभा होता. अंगातल्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या त्याची बोटं झाकत होत्या आणि खांद्याची शिवण दंडावर उतरली होती.

"पोराला नाय, यांनाच पायजे," धनेश म्हणाला. "यापेक्षा ल्हान नाय का?"

"हाच सगळ्यात लहान. बाह्या कापून देऊ."

"आनि खांदं? तेपन कापशील?"

सेल्समन मोबाईलकडे बघू लागला.

धनेश हा जगनचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, रंभाचा धाकटा भाऊ. उंच, धिप्पाड. रंभाला जाऊन आठवडा होत आला होता. रविवारी उत्तरकार्य. त्या दिवशी बायकोच्या माहेरच्यांनी जावयाला नवे कपडे आणायचे, भावकीसमोर त्याच्या अंगात घालायचे, मग दुखवटा सुटायचा. जगनला दुसरं काही नको होतं. तिच्या कार्याला कुणी हसू नये, एवढंच. लग्नात भाड्याचा कोट त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला होता, तेव्हा सगळा मांडव हसला होता. हसणारे बरेचसे अजून जिवंत होते.

"तुमची साईज काय, भावजी?" बाहेर आल्यावर धनेशनं विचारलं.

"मला नाय म्हाईत."

"म्हंजे? इतकी वर्सं कापडं कशी घेतली?"

"तीच आनायची. मी कदी दुकानात गेलोच नाय."

ते खरं होतं. जगन करंजाड्याच्या एका सोसायटीत पाण्याचा पंप चालवायचा. ड्युटीवरची खाकी पोत्यासारखी लोंबायची. पण ती उतरवली की जगन वेगळाच माणूस. बारीक कॉलरचा शर्ट, कमरेत नीट बसलेली पॅन्ट. सोसायटीतली कॉलेजची पोरं विचारायची, "काका, तुमचा टेलर कोण?" जगन नुसता हसायचा. रंभा पनवेलहून पिशवी आणायची, तो घालायचा आणि कपडा बसायचा. कसा बसतो, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"लाइन आळीत कोन कापडवाली हेतलबेन हाय म्हनायची," त्याला आठवलं.

दुकान अरुंद होतं. गल्ल्यावर बसलेल्या हेतलबेननी रंभाचं नाव ऐकलं.

"रंभाताईंचे मिस्टर? अरे, या ना! आज त्यांनी तुम्हाला कसं काय पाठवलं?" मग त्यांची नजर जगनच्या मुंडन केलेल्या डोक्यावर गेली. "अरे देवा. कधी?"

धनेशनं सांगितलं. हेतलबेन गल्ल्यामागून उठून बाहेर आल्या.

"यांचं माप तुमच्याकडं असल ना?" धनेशनं विचारलं.

"माप कसलं, भाई? ताई स्वतःच घालून बघायच्या. ब्लाउजवरून शर्ट चढवायचा, आरशासमोर हात वर, हात खाली. मी म्हणायची, ताई, जेन्ट्सचा आहे तो! तर म्हणायच्या, माझ्या खांद्याला बसला की त्यांना बसला, आमी दोघं एका मापाची."

"आनि पॅन्ट?"

"ती पण. आत जाऊन घालायच्या, मग बाहेर येऊन चालून बघायच्या. सगळी गिऱ्हाइकं हसायची."

"हसायची?" जगननं विचारलं.

"हसायचीच ना. ताई पण हसायच्या. पण कपडा नीट बसल्याशिवाय दुकान सोडायच्या नाहीत."

जगन स्टुलावर बसला. समोरच्या आरशात त्याचा फक्त चेहरा दिसत होता. त्यानं तोंड फिरवलं.

"पांढरा दाखवा," धनेश म्हणाला.

"पांढरा ताईंनी कधी नाही घेतला. म्हणायच्या, पांढऱ्यात शाळेतले दिसतील."

धनेशला हसू फुटलं. मग त्यानं रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला.

हेतलबेननी एकेक शर्ट खांद्यांना धरून हवेत उभा केला. समोर कुणी असल्यासारखं त्याच्याकडे बघितलं. दोन परत ठेवले. "हा. घालून बघा."

"नको," जगन म्हणाला. "तुमी बगितलाव ना."

रविवारी पडवी माणसांनी भरली होती. धनेशनं जगनच्या अंगात शर्ट घातला, वाकून एकेक बटण लावलं. शिवण खांद्यावर आली. बाही मनगटाशी थांबली. शिरढोणची एक म्हातारी, रंभाची चुलती, पुढं वाकून बघत म्हणाली, "बरा बसला गो."

कुणी हसलं नाही.

पुढचा पाहुणा टॉवेल-टोपी घेऊन उठला. पण जगन खाली बसेना. तो उभ्या जागी हळूहळू वळू लागला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून थांबला.

"भावजी, चक्कर आली काय?" धनेशनं त्याचा दंड धरला.

"सोडा मामा," आतून रंजिता, जगनची मुलगी, म्हणाली. नवा कपडा घातला की आई बाबांना असंच वळायला लावायची, पाठीवर चुणी पडते का बघायला. ते तिला सांगवलं नाही.

धनेशनं हात सोडला. जगन दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, पाठ ताठ करून, तसाच उभा राहिला.