जोडी जमली की हलायचं नाही

"सर, हालू नका बरं! जोडी जमायलीय," कप्तान बालाजी ओरडला आणि अर्धे उठलेले सिद्धोधन सर पुन्हा खुर्चीत बसले.

पॅड बांधून त्यांना तास झाला होता. जिंकायला एकशे बेचाळीस हवे होते. चार बाद एकसष्टवर पप्पू आणि महारुद्र एकत्र आले, ते तिथंच मुक्काम ठोकून होते. एक जण गेला की सरांची पाळी. बावीस वर्षं तालुक्याच्या संघाकडून सलामीला जाणारा माणूस आज सातव्या क्रमांकावर बसला होता. सकाळीच बालाजीनं सांगून टाकलं होतं, "पुढल्या साली तुमी मॅनेजर व्हा, सर. गुडघा ऐकंना तुमचा." बॅट धरायला याला सरांनीच शिकवलेलं. गुरूची विद्या गुरूलाच!

म्हणजे आजची खेळी शेवटची. तीही मिळाली तर.

त्यात आज रेणुका आली होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण नवऱ्याला खेळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. चुडावा गावाहून गाडीनं डबा घेऊन आली आणि लिंबाखाली बसली.

"जेवून तरी घ्या की. कवाचे तसेच बसलात!"

"उठता येत न्हाई. जोडी खेळायलीय."

"हे कुणी काढलं?"

सरांनीच काढलं होतं. एका सामन्यात ते पाणी प्यायला उठले आणि लागोपाठ तीन गडी गेले. तेव्हापासून जोडी जमली की संघात कुणी जागा सोडत नाही. विज्ञानाचे मास्तर, शाळेत अंधश्रद्धेवर तासभर बोलतात आणि इथं मुंगी चावली तरी पाय हलवत नाहीत.

एकशे तीस झाले. सरांनी नुसतं उठायचं होतं, गडी गेलाच असता. तहान लागली म्हणता आलं असतं. तेवढ्यात पप्पूनं चेंडू उंच मारला आणि खाली क्षेत्ररक्षक येऊन उभा राहिला. सरांना आनंद झाला, चांगला छातीभर झाला. झेल सुटला. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

महारुद्रनं चौकार मारून सामना संपवला. पोरं आरडत मैदानात धावली. सर बसूनच होते.

"आता तरी उठा," रेणुका जवळ येऊन म्हणाली. "खेळलेच न्हाईत की तुमी."

"आज गरज पडली न्हाई."

उठताना पायाला मुंग्या आल्या होत्या. सकाळी खेळपट्टीवरच्या मॅटचे खिळे त्यांनीच ठोकले होते, काढायचेही त्यांनाच. हातोडा घेऊन ते निघाले. पॅड सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही आणि रेणुकानंही आठवण केली नाही. ती लिंबाखाली उभी राहिली आणि नवऱ्याला खेळपट्टीकडं जाताना बघत राहिली.