पिवळ्याचं क्वारंटाइन

ताई दारातून आत आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात थर्माकोलचं खोकं घेऊन. खोकं तिनं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. भाऊ घ्यायला पुढे झाला तर म्हणाली, "बाळ्या, तू बॅग घे. हे नको. यात आप्पांचं टॉनिक आहे."

खोक्यात हवेनं टम्म फुगलेल्या दोन पिशव्या होत्या. एकीत बशीसारखा चपटा, पिवळाधमक मासा. दुसरीत बोटाच्या पेराएवढा निळा. ताईनं दोन्ही पिशव्या आप्पांच्या डोळ्यांसमोर धरल्या आणि आप्पांचा चेहरा, जेवढा हलत होता तेवढा, उजळला.

आप्पांनी उभा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलच्या भिंतीलगत समुद्री माशांचा फिशटँक स्वतःच्या हातांनी उभा केला. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून त्यांची चाकाची खुर्ची त्या काचेसमोरच असायची. आत आता दोनच मासे उरले होते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं क्लाऊनफिशचं जोडपं. टँक भरला होता दगडांनी, आणि रिकामा दिसायचा.

"सूनबाई, कात्री आण गं," ताई म्हणाली. "आप्पांच्या समोरच सोडूया."

सूनबाई स्वयंपाकघरातून आली, पिशव्यांकडे बघून जागीच थांबली. "ताई, आज नाही सोडायचे."

"का? आधी मुलाखत घेणार आहेस का त्यांची?"

"तसंच समजा. सहा आठवडे वेगळे ठेवायचे. अंगावर काही रोग असला तर तेवढ्यात दिसतो. नाही दिसला तर मग आत."

"अगं, मी आठ दिवसांसाठी आलेय! सहा आठवडे कुठले? दुकानदार म्हणाला, एकदम ठणठणीत आहेत."

"दुकानदार दुसरं काय म्हणणार?"

ताईनं भावाकडे पाहिलं. बाळ्या लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर द्यायची त्याला सवय होती, पण बहीण आणि बायको यांच्यामध्ये तो स्वतःच अडकला. "मी चहा टाकतो," म्हणाला आणि सटकला.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. "दिसतंय हो सगळं," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला शेवटची ओळ वाचायला लावल्याशिवाय ती खुर्चीतून उठू देत नसे. तिनं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि थेट हॉललगतच्या छोट्या बाथरूममध्ये नेल्या. तिथं तासाभरात एक मोठा पारदर्शक प्लास्टिकचा टब मांडला, मीठ कालवून समुद्राच्या खारटपणाचं पाणी केलं, पाणी गरम ठेवणारी दांडी आणि हवेचा पंप लावला. लपायला म्हणून नळाच्या पाइपाचे चार तुकडे तळाशी टाकले. वाळू नाही, दगड नाही. जाळी वेगळी, तांब्या वेगळा, हात पुसायचा टॉवेलही वेगळा. दारावर कागद चिकटवला: "इथला हात फिशटँकमध्ये घालू नये."

"आणि आंघोळ?" बाळ्यानं विचारलं.

"एक बाथरूम आहे की अजून."

"चार माणसांत?"

"लवकर उठ."

पहिले तीन दिवस ताईनं सगळं हसण्यावारी नेलं. सकाळी रांगेत उभं राहून म्हणायची, "माशांना स्वतंत्र बाथरूम आणि नणंदेला रांग. छान आहे हो तुमचं घर." चौथ्या दिवशी मात्र तिचं हसू मावळलं. सूनबाई दुकानात जायच्या आधी टब बघायला गेली तर निळा मासा पाइपाच्या तोंडाशी आडवा पडला होता. हलेना.

"मारलास ना?" ताई दारात उभी होती. "एवढा मोठा टँक सोडून त्या कोंडमाऱ्यात ठेवलास. आत सोडला असता तर जगला असता."

मासा रोगानं मेला की प्रवासानं, की खरंच टबात घाबरून, हे सूनबाईला कळत नव्हतं. तिनं भिंगाखाली धरून पाहिला, अंगावर काही दिसलं नाही. पाणी तपासलं, ठीक होतं. त्या दिवशी दुकानात तिनं एका आजोबांचा डावा नंबर उजव्या डोळ्याला लिहिला आणि लक्षात आल्यावर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपला हट्ट तर नाही ना हा, असं दिवसभर तिच्या मनात येत राहिलं. पण संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पिवळ्याला टबातून काढलं नाही.

सहाव्या दिवशी पिवळा पाइपाला अंग घासताना दिसला. सूनबाईनं मोबाइलचा दिवा लावला, भिंग धरलं. शेपटीच्या बुडाशी आणि परावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. तिनं मोजले. अकरा.

"ताई, या. बघा."

ताईनं बघितलं. भिंग मागून घेतलं, पुन्हा बघितलं.

सूनबाईनं बाळ्याला हाक मारली. "पांघरुणांचा तो मोठा डबा रिकामा कर. मला दुसरा टब लागणार आहे."

"पांघरुणं कुठं ठेवू?"

"डोक्यावर ठेव. पण डबा दे."

उपाय तिला पाठ होता. मागच्या दोन वर्षांत दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तिनं तेच वाचलं होतं. ठिपके म्हणजे माशाच्या अंगात घुसलेला परजीवी. तो काही दिवसांनी अंगावरून सुटतो, तळाशी जाऊन बसतो आणि तिथं एकाचे शेकडो होतात. ते शेकडो बाहेर पडून परत माशाला धरतात. तळाशी बसलेल्यांना फुटायला तीन दिवस तरी लागतात. म्हणून दर तीन दिवसांच्या आत मासा नव्या पाण्याच्या स्वच्छ टबात न्यायचा, जुना टब धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. असं चार वेळा. रोग मागे राहतो, मासा पुढे जातो.

त्याच संध्याकाळी पिवळ्याचं पहिलं स्थलांतर झालं. त्यानं सूनबाईचा टॉप भिजवला आणि शेपटीच्या काट्यानं तिचं बोट ओरबाडलं.

आठव्या दिवशी ताईची बॅग भरून तयार होती. निघायच्या आधी ती बाथरूममध्ये डोकावली आणि जवळजवळ ओरडलीच, "अगं, गेले! ठिपके गेले! बघ, एकही नाही."

खरंच नव्हता. पिवळा लख्ख दिसत होता.

"आता तरी सोड," ताईचा आवाज ओला झाला. "मी जायच्या आधी आप्पांना बघू दे. पुढच्या खेपेला ते..." वाक्य तिनं तिथंच सोडलं.

"गेले नाहीत, ताई. अंगावरून सुटून खाली पडलेत. आता सोडला आणि एखादा जरी अंगात राहिला असेल तर दोन आठवड्यांत तो टँक संपेल."

"तुला फार कळतं! दुकानदाराला कळत नाही, मला कळत नाही. एक मारलास, दुसऱ्याला धुण्याच्या कपड्यासारखा या टबातून त्या टबात करतेस. इतकं काय दगड व्हायचं माणसानं?"

सूनबाई हातातली जाळी खाली ठेवून टबाशेजारी बसली.

"ताई, मागच्या वेळी फिल्टर बिघडला नव्हता."

"कुठल्या मागच्या वेळी?"

"टँकमधले मासे मेले तेव्हा. मी सगळ्यांना सांगितलं, फिल्टर बिघडला. तो चांगला चालू होता. आप्पांना झटका आल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून मी एक मासा आणला. पिशवी फोडली आणि सोडला सरळ आत. तुमच्यासारखीच. नऊ होते, नव्यासकट दहा. अकरा दिवसांत आठ गेले. रोज सकाळी मी आप्पा उठायच्या आत मेलेले काढायचे. आणि ते उठले की खुर्ची काचेसमोर न्यायचे, कारण न नेऊन सांगणार काय?"

बाळ्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात हॉलमधून थाप ऐकू आली. आप्पा डावा तळहात खुर्चीच्या दांडीवर आपटत होते. छोट्या बाथरूमचं दार हॉलमध्येच उघडायचं, त्यामुळे त्यांना शब्दन्शब्द ऐकू गेला होता. तिघंही धावत गेली. सूनबाई सगळ्यात मागे राहिली. त्यांच्याकडे बघायचा तिला धीर होत नव्हता.

"मा... हीत," आप्पा म्हणाले. तोंडाचा डावा कोपरा शब्द ओढून आणत होता. "मला. माहीत."

"काय माहीत, आप्पा?" ताई खाली वाकली.

"फिल्टर... मीच... बसवलेला." ते थांबले, दम घेतला. "आवाज... ठीक होता."

दोन वर्षं माणूस त्या काचेसमोर बसून होता, सगळं समजून, आणि सून फिल्टरचं सांगत असताना मान हलवत होता. सूनबाई पुढे येऊन त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. आप्पांनी डावा हात लांब केला. तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावर पडला.

"हिचं... ऐका," ते म्हणाले.

ताईनं डोळे पुसले, बॅग उचलली आणि जाता जाता दाराशी म्हणाली, "रोज फोटो पाठव. ठिपक्यांसकट."

दुसऱ्या दिवशीपासून आप्पांची खुर्ची दुपारी दोन तास बाथरूमच्या दारात लागू लागली. हट्ट त्यांचाच होता. सूनबाई दुकानात असायची, आणि पिवळ्यावर नजर ठेवायला त्यांच्याइतका रिकामा आणि त्यांच्याइतका काटेकोर माणूस घरात दुसरा नव्हता. ती आली की ते बोटं दाखवायचे. मूठ मिटलेली म्हणजे ठिपका नाही. एकदा दोन बोटं वर झाली आणि ती चपलाही न काढता टबाशी धावली. भिंगानं पाहिलं तर पाण्यातले हवेचे बुडबुडे पराला चिकटले होते. आप्पांनी खजील होऊन बोटं मिटली.

"नाही, तसंच दाखवा," ती म्हणाली. "शंका आली तरी दाखवा."

दुसरं स्थलांतर, तिसरं, चौथं. टब गच्चीवर उन्हात वाळत, पांघरुणं दिवाणावर रचलेली आणि बाळ्या पहाटे पाचला उठून आंघोळीला. चौथ्यानंतर चार आठवडे नुसतं बघायचं होतं, आणि तेच सगळ्यात जड गेलं. करायला काही नसलं की मन भलतीकडे धावतं. तिसऱ्या आठवड्यात पिवळ्यानं एक दिवस खाणं सोडलं. सूनबाईनं दुकानातून आप्पांना तीनदा फोन केला. संध्याकाळपर्यंत त्यानं पाण्याखाली चिमट्यानं अडकवलेला शेवाळाचा तुकडा ओरबाडून संपवला होता, आणि आप्पा खुर्चीत गाढ झोपले होते.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी रविवार होता. तरी सूनबाईनं आणखी तीन दिवस घेतले. बाळ्यानं कपाळावर हात मारला. बुधवारी तिनं रजा टाकली, आप्पांची खुर्ची काचेला टेकवली आणि पिवळ्याला डब्यातून, त्याचं जुनं पाणी मागे ठेवून, टँकमध्ये सोडलं.

तो विजेसारखा दगडांच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला.

ताई फोनवर व्हिडिओ लावून बसली होती. "कुठाय? मला नुसते दगड दिसतायत."

"थांबा, ताई."

अर्धा तास गेला. क्लाऊनफिशच्या मादीनं दोनदा दगडामागे धाव घेतली, घराची मालकीण कोण ते सांगून आली. बाळ्या कामावर गेला. ताई फोन समोर टेकवून भाजी निवडू लागली, पण बंद केला नाही. सूनबाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. आत काही चुकलं असेल तर आता परत काढता येणार नाही, हे तिला माहीत होतं. आणि आपण करायचं ते सगळं केलंय, हेही.

मग दगडाच्या कडेला पिवळं तोंड आलं. मागे गेलं, पुन्हा आलं. पिवळ्यानं दगडावरच्या हिरव्या थराला एक टोच मारली, मग दुसरी.

"आप्पा, काय चाललंय तिकडे?" फोनमधून ताई ओरडली.

आप्पांनी मान वळवली नाही.

"खातोय," ते म्हणाले, एका दमात.