चौथं चाक

राजेश्वरीबाईंनी काठीचं टोक नव्या चाकाच्या आऱ्यावर आपटलं आणि नाक मुरडलं.

“बैलगाडीला लावायचंय का हे?”

“आवं आक्कासाहेब, बैलगाडीचं असतं तर कवाच सुटलो असतो,” दादासो सुतार हसून म्हणाला. “ह्यो एकेक आरा गाजरावानी सोललाय. बसंना की काढ, परत सोल. बायको म्हणाली, कुपवाडच्या शेडातच अंथरूण टाका आता.”

पत्र्याच्या शेडमध्ये एका कडेला दारांच्या चौकटी रचल्या होत्या आणि मधोमध बाईंच्या वडिलांची, आबासाहेबांची मोटार उभी होती. पिवळा रंग देऊन तिला नवरीसारखं नटवलं होतं. तीन चाकं चढली होती. चौथं लाकडी ठोकळ्यांवर आडवं पडलं होतं. सगळीकडे ढलप्यांचा खच.

बाईंचा भाचा वीरधवल मोटारीभोवती फिरत होता. मिशा त्यानं आजोबांच्या फोटोवरून कातरून घेतल्या होत्या. मिशांखालचा चेहरा मात्र आजोबांचा नव्हता, याचं बाईंना जरा बरंच वाटलं.

“पडदे बघितलेत, आत्यासाहेब? मखमली. जुन्या पद्धतीचे.”

“कुणासाठी?”

“आपल्याकडं गोषा होता ना. बायका बसायच्या म्हणजे पडदे हवेतच.”

“बायका!” बाई खुर्चीवर टेकल्या. “ह्या गाडीत शिकारीची कुत्री बसायची. त्यांना गोषा नव्हता.”

दादासोनं हसू लपवायला रंधा उचलला. वीरधवलला हे ऐकूच आलं नाही. त्याला नको ते ऐकू न येण्याची सवय होती. तेवढी मात्र त्यानं थेट आजोबांकडून घेतली होती.

त्याची मुलगी प्रियदर्शनी, तिची वरात या मोटारीतून निघायची होती. त्याआधी मांडवात पडद्यावर मोटारीची फिल्म दाखवायची होती. त्या फिल्मसाठीच त्यानं आत्याला माधवनगरहून मुद्दाम आणवलं होतं. घराण्यातलं जुनं माणूस आता तेवढंच उरलं होतं.

“एकच वाक्य,” फोन समोर धरत तो म्हणाला. “आमच्या आईसाहेब याच गाडीतून सासरी आल्या. बस.”

“ही गाडी आली तेव्हा तुझा बाप रांगत होता. आणि तीही कुणा गोऱ्यानं वापरून टाकलेली.”

“तारखा कोण बघतंय, आत्यासाहेब? आजीसाहेबांचा मान वाढतोय यात. तुम्ही बोललात की कुणी शंका घेणार नाही.”

मान. बाईंनी काठीची मूठ घट्ट धरली.

आईसाहेबांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा त्या सारख्या ओठ चावत होत्या. बाळाचे दिवस भरले नव्हते आणि कळा थांबत नव्हत्या. वाटेत चिखल होता. मोटारीला नुकताच रंग दिला होता, दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. आबासाहेबांनी नाथाजी गड्याला शेजारची बैलगाडी मागून आणायला सांगितलं. लहानग्या राजेश्वरीच्या मांडीवर आईचं डोकं होतं. गाडी प्रत्येक खड्ड्याला हिसका द्यायची आणि आई म्हणायची, “घाबरू नकोस.” बाळ वाटेतच गेलं. मुलगा होता. परत आल्या तेव्हा दारात मोटार ताडपत्रीखाली कोरडी उभी होती.

त्याबद्दल आईसाहेब कधी बोलल्या नाहीत. आबासाहेब असेपर्यंत नाहीत, आणि नंतरही नाहीत.

“नमुन्याला मला एकच आरा घावला बघा,” दादासोनं खिडकीत ठेवलेलं एक काळं पडलेलं लाकूड उचललं. एक टोक शाबूत, त्यावर पिवळ्या रंगाचे पोपडे. दुसरं टोक जळून निमुळतं झालेलं. “तुमच्या परसातल्या राखंच्या खड्ड्यात व्हता. ह्याच्यावरनंच माप काढलं.”

“वाळवी लागली होती चाकांना,” वीरधवल म्हणाला. “गड्यांनी जाळली असणार. अडाणी माणसं.”

बाईंनी हात पुढं केला. दादासोनं आरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला. इतक्या वर्षांनी कसला वास येणार?

आबासाहेब गेले त्या हिवाळ्यात आईसाहेबांनी नाथाजीकडून मोटार दगडांवर चढवून घेतली आणि चाकं परसात आणवली. कुऱ्हाडीचे घाव माडीवर ऐकू यायचे. मग रोज पहाटे, ज्यांनी कधी स्वतः जाळ घातला नव्हता त्या आईसाहेब, पदर खोचून बंबासमोर बसायच्या. एका वेळी एकच आरा. पिवळा रंग फुगायचा, चरचरायचा. तो पार निखारा होईपर्यंत त्या नजर हलवायच्या नाहीत. मग हाक मारायच्या, “ये गं, पाणी तापलं.” तसं कढत पाणी त्या घरात आधी कधी मिळालं नव्हतं.

“घेऊ ना?” वीरधवलनं फोन वर केला. “बोला.”

राजेश्वरीबाई फोनकडे बघत म्हणाल्या, “आमच्या आईसाहेब ह्या गाडीत कधी बसल्या नाहीत.”

“आत्यासाहेब!”

“हेच लाव मांडवात. नाहीतर माझ्या तोंडावर ते मखमली पडदे ओढ.”

वीरधवलनं फोन खाली केला. मिशांखालचं तोंड लहान मुलासारखं हिरमुसलं. तो बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावू लागला.

दादासो उगाच चाक पुसत बसला. बाईंनी त्याला विचारलं, “जादा आरे केले असशील ना?”

“केल्यात की. एखादा फुटंल म्हणून.”

“ते दे. आणि ह्या ढलप्या पोत्यात भर. माझ्या गाडीत ठेव.”

“काय करता, आक्कासाहेब? फ्लॅटात चूल हाय व्हय?”

“आईसाहेबांचा बंब आहे,” अर्धा जळका आरा पदराखाली घेत त्या उठल्या. “सुनेनं त्यात मनीप्लांट लावलाय. तेवढा काढायला लागेल.”