खाली झाल्याची वेळ

तिसऱ्या कंपनीचा माणूस माझ्या टेबलावर स्क्रीन ठेवून नकाशावरचा हिरवा ठिपका दाखवत होता. गाडी कुठे आहे, मागचं दार कधी उघडलं, कुठे गचका बसला, सगळं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं की कळत होतं. "यापुढे ड्रायव्हरच्या फोनची वाट बघायची गरजच उरणार नाही, काका," तो उत्साहाने म्हणाला. मी मान डोलावली. त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो त्याचा माल विकत होता.

आमचा धंदा काचेचा. खिडक्यांच्या, दुकानांच्या मोठाल्या काचा नऊ टेम्पो शहरभर पोचवतात आणि कुठला टेम्पो कुठे जाईल हे बावीस वर्षं मी ठरवतो. सगळ्यांचे फोन माझ्याकडे येतात म्हणून ड्रायव्हर मला टॉवर म्हणतात. माल उतरवून झाला की फोन करून एवढंच सांगायचं, "टॉवर, खाली झालो." ती वेळ मी वहीत टिपतो आणि दुसऱ्या दिवशीचं काम लावतो. ऑफिस सहाला बंद होतं, पण शेवटच्या खेपा रेंगाळतात, ड्रायव्हर तिथूनच गाडी घेऊन आपापल्या घरी जातात. त्यामुळे सहानंतरचे फोन मी घरी घेतो.

मालकीणबाई म्हणजे थोरल्या मालकांची लेक. गाड्यांचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा घ्यायचं तिने ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. तुम्ही म्हणाल ती बसवू, म्हणाली. तीन कंपन्यांच्या यंत्रांच्या तीन डब्या तीन टेम्पोंत बसवून महिनाभर बघायच्या, असं ठरलं.

खरं सांगतो, मला एकही डबी पास व्हायला नको होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते. बाकीच्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरात जो काही माणसाचा आवाज होतो तो या फोनचा. डबी आली की तोही बंद. म्हणून मी हात धुऊन डब्यांच्या मागे लागलो. वहीत दोन रकाने पाडले, एकात डबी सांगते ती खाली झाल्याची वेळ, दुसऱ्यात ड्रायव्हरचा फोन येतो ती.

पहिल्या डबीने तिसऱ्याच दिवशी माझ्या मनासारखं केलं. टेम्पो तळ्याच्या मधोमध दाखवला. मी मुद्दाम फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, पोहता येत नाही हो मला. दुसरी डबी वीस मिनिटं मागे चालायची. तिसरी चोख होती, पण सोमवारी आणि गुरुवारी तिचं गणित बिघडायचं. ती सांगायची, गाडी पाच चाळीसला खाली झाली आणि सहा वीसला ड्रायव्हरच्या गल्लीत उभी आहे. फोन यायचा सव्वासातला. डबी नापास म्हणून मी खूश झालो. मग बाकीची पानं चाळली. दुसऱ्या डबीच्या टेम्पोचं मंगळवारी तसंच, तळ्यातल्याचं बुधवारी. तीन वेगळ्या कंपन्यांच्या डब्या मिळून खोटं बोलणार नाहीत, एवढं मलाही कळतं.

माझं डोकं सणकलं. आमच्या कामाची वेळ दाखवून ही मंडळी बाहेरची कामं करत होती तर. तिसऱ्या डबीच्या टेम्पोवर सगळ्यांत जुना ड्रायव्हर आहे, दाजी म्हणतो आम्ही त्याला. त्याला काचा टेकवून ठेवायच्या लाकडी घोड्यांमागे नेलं आणि वही त्याच्यापुढे धरली.

"पाच चाळीसला खाली होतोस आणि मला सव्वासातला सांगतोस. मधल्या वेळात कुणाचं काम करतोस?"

दाजीने वहीवर नजर टाकली. "कुणाचं नाही. घरी जातो, हातपाय धुतो, मग तुम्हाला फोन लावतो."

"कशासाठी?"

"वहिनी गेल्या तेव्हा तुम्हीच बोलला होतात, संध्याकाळी घर खायला उठतं म्हणून. मग आम्ही पाळ्या लावून घेतल्या. सोमवार आणि गुरुवार माझे."

मला दुसरं काही नाही, माझाच आवाज आठवला. तीन वर्षं मी रोज संध्याकाळी फोनवर सांगत होतो, मोठ्या पुलावरून जाऊ नकोस, गर्दी असेल, शाळेच्या मागून जा, सावकाश चालव. आणि हे लोक आपापल्या घरी खाटेवर पाय पसरून म्हणत होते, बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, त्यांचं माझ्यावाचून अडतं. लाज वाटली, रागही आला, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त गलबलून आलं. दाजीला एवढंच म्हणालो की पाळ्या बंद, खाली झालात की त्याच मिनिटाला फोन करायचा, सगळ्यांना सांग.

आता मालकीणबाईंना कागद द्यायचा होता. दोन रकाने शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, ड्रायव्हर खोटारडे आहेत. तळ्यात पोहणारी डबी निवडली असती तर सगळं होतं तसं चालू राहिलं असतं. दोन दिवस माझ्या मनात तेच घोळत होतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या वेळा जशाच्या तशा उतरवल्या आणि खाली लिहिलं, "संध्याकाळचे फोन उशिराचे आहेत ते माझ्या एकटेपणापायी. ड्रायव्हरांचा दोष नाही." त्या एका ओळीला दुपार गेली. मालकीणबाईंनी ती दोनदा वाचली, वर मात्र बघितलं नाही. मग कुठली घ्यायची, असं विचारलं. मी म्हणालो, तिसरी.

नऊ टेम्पोंत डब्या बसल्या आणि नकाशा माझ्या मोबाइलवर आला, खाली झाल्याचे फोन बंद झाले. पहिल्या संध्याकाळी मी घरी तो समोर ठेवून बसलो. एकेक ठिपका आपापल्या गल्लीत जाऊन थांबला. पावणेसातपर्यंत नऊच्या नऊ घरी पोचले. त्यानंतर अर्धा तास मी काय केलं, मला सांगता येणार नाही. मग दाजीला फोन लावला.

"काय झालं टॉवर? गाडीचं काही?"

"गाडीचं काही नाही."

"मग?"

"असाच केला."

बावीस वर्षांत कामाशिवाय आम्ही फोनवर कधी बोललोच नव्हतो, त्यामुळे पुढचं दोघांनाही सुचेना. त्याच्या घरात कुणीतरी धुतलेली भांडी मांडणीवर लावत होतं, ते ऐकू येत होतं. त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.