अडणारी नावं

सासूबाईंनी खुर्चीवरची आपली उशी उचलून कपाटात कोंबली आणि सुनेला म्हणाल्या, "बस. नुसत्या लाकडावर डोकं जास्त चालतं म्हणे."

सून हसून बसली. फोटो स्टुडिओतला हा संगणक कालपरवापर्यंत सासूबाईंचा होता. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचे फोटो उघडलेच. कारण प्रत्येक फोल्डरला नाव त्यांनीच दिलेलं: शिंप्याची "बोबडी" थोरली. दूधवाल्याचा 'लग्नाळू' भाऊ.

आता लोक डोकावून विचारत, "सूनबाई आहेत का?" तिने आज्ञांची एक स्क्रिप्ट लिहिली होती. कळ दाबली की सगळे फोटो आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरत. अडत ती फक्त सासूबाईंची नावं.

"आई, नावात मोकळी जागा आली की संगणक एकाची दोन नावं समजतो," सासूबाईंचा मुलगा म्हणाला. "अवतरणचिन्ह आलं की आज्ञाच मधे तुटते. फोल्डरांना सरळ नंबर देऊ."

"दे की. मलाही एक दे, म्हणजे कोपऱ्यात ठेवायला सोपं."

"संध्याकाळपर्यंत थांबा ना," सून म्हणाली. "नावं नीट बांधून दिली तर अडणार नाहीत."

आपली नावं टिकणार, तीही हिच्या कृपेने! सासूबाईंना ते जास्तच झोंबलं. सून जेवायला गेली तशी त्यांनी एक नवं फोल्डर केलं. त्याच्या नावात दोन्ही जातींची अवतरणचिन्हं, मधे मधे जागा. बांध म्हणावं आता.

जेवून आल्यावर सून बराच वेळ खटखटत होती. मग तिने कळ दाबली. पडद्यावरून नावं सरसरत गेली आणि शेवटचं तिथेच थांबलं, जसंच्या तसं:

उतरवलं: सुनेचं "शहाणपण" आणि 'उथळ' पाण्याचा खळखळाट

मुलाने वाचलं. सासूबाईंनी स्वच्छच असलेला चष्मा पुसायला घेतला.

"एक अक्षर सांडलं नाही, आई," सून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मग नवऱ्याकडे वळली. "नंबर नकोत. नंबरावरून माणूस कुणाला आठवतो?"

तेवढ्यात दारात कुणी डोकावलं. "सूनबाई आहेत का?"

"डोळे घरी ठेवून आलात का? समोर तर बसलीय!" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कपाट उघडलं, उशी काढली, झटकली आणि सुनेच्या पाठीमागे खुपसली. मग स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"सरक जरा. नाव मी घालते."