वाढत्या अंगाची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. वाजून वाजून जुनी झालेली नव्हे, पडून पडून. चारकोपच्या एका घरात कपाटावर, विटक्या चादरीत गुंडाळलेली असते. मला माझीच लाज वाटते. का, ते सांगते.

बोरीवलीच्या दुकानात मी सगळ्यांत वर टांगलेली होते. काळी, चकचकीत, मोठ्या माणसाच्या मापाची, स्टीलच्या तारांची. खाली कोपऱ्यात एक बुटकी, पिवळट गिटार होती, नायलॉनच्या तारांची. तिला मी खेळणं म्हणायचे.

एके दिवशी जयवंतराव सात वर्षांच्या लेकीला, श्रुतिकाला घेऊन आले. पोरगी थेट त्या बुटकीकडे गेली. मांडीवर घेतली, तार छेडली आणि हसली. हात बरोबर पोचत होता.

"हीच घ्या, भाऊ," दुकानदार अल्पेशभाई म्हणाले. "तार नरम आहे. छोट्या बोटांना लागणार नाय."

"आणि दोन वर्षांनी काय, माळ्यावर टाकू? गणवेश वाढत्या अंगाचा घेतो आम्ही, बूटसुद्धा. ती वरची काळी काढा."

"पप्पा, मला हीच पाहिजे ना."

"तुला काय कळतं गं? मोठी झालीस की थँक्यू म्हणशील."

"बुटात कापूस भरता येतो, भाऊ," अल्पेशभाई पुटपुटले. "हिच्यात काय भरणार?"

जयवंतराव हसले. मीही हसले. मला निवडलं होतं ना! बुटकी परत कोपऱ्यात गेली, तेव्हा मला आनंद झाला होता. ही माझी पहिली लाज.

घरी आल्यावर माझी ऐट उतरली. श्रुतिकाने मला मांडीवर घेतलं की तिची हनुवटी माझ्या काठावर टेकायची. माझ्यावरून हात टाकताना तिचा खांदा कानाला लागायचा. तार दाबली की बोटावर लाल रेघ उठायची आणि माझ्यातून सूर नाही, नुसती खरखर निघायची. ती फुंकर मारत बोटं दाखवायला जायची.

"नाटकं नकोत," बाप म्हणायचा. "दुखल्याशिवाय काही येत नाही."

हे वाक्य मोठी माणसं नेहमी दुसऱ्याच्या बोटांबद्दल बोलतात.

सोसायटीच्या सत्यनारायणाला तिला खुर्चीवर बसवलं. एकच ओळ वाजवायची होती. ती तीनदा अडली. मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, गिटार दिसतेय, तू कुठे आहेस?" सगळे हसले. जयवंतरावांनी माईक घेतला. "आमच्या बाईसाहेबांना नाही जमत. राहू दे."

चूक मापाची होती आणि बोल लागला पोरीला. मी तिच्याच मांडीवर होते, सगळं ठाऊक असून मुकी.

लिफ्टमध्ये तिने आईला विचारलं, "मम्मी, माझी बोटं वाईट आहेत का?"

"काहीतरीच तुझं," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कपाटावर गेले.

चार वर्षं गेली. परवा जयवंतरावांनी मला खाली काढून पुसलं. "श्रुती, बघ! आता अगदी मापाची झालीस!"

तिने मला मांडीवर घेतलं. हात पोचला. बोटंही पोचली. मग तिने मला बापाच्या हातात परत दिलं.

"नको पप्पा. मला गाण्यातलं काही येत नाही."

"अगं, तेव्हा लहान होतीस तू."

"तेव्हाच पाहिजे होती ना," ती म्हणाली आणि खाली खेळायला गेली.

जयवंतरावांनी मला स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी तार दाबली आणि झटकन बोट मागे घेतलं. बोटावर लाल रेघ होती.

"आई गं! एवढं लागतं?"

उत्तर द्यायला घरात मी एकटीच होते.

मित्रांनो, अंग वाढायचं तेव्हा वाढतं. हौस तोवर थांबत नाही. तुमच्यासाठी वाद्य घ्यायला मोठी माणसं निघाली, तर दुकानात त्यांचा हात धरा आणि सांगा: आधी तुम्ही तार दाबून बघा.